चारूचं कोडं

“या पोरीचं एक वाक्य पुरं होईस्तोवर माझी अख्खी बाही शिवून होते बघा.”

इंदूताई हे माझ्या कानाशीच पुटपुटल्या, कारण मी त्यांच्याच दंडावर बाहीची फिटिंग बघत होते. माझ्या ओठांत चार टाचण्या धरलेल्या होत्या, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. टाचण्या नसत्या तरी मी हसलेच असते, हे आज कबूल करते.

दारात चारू उभी होती. माझी मुलगी, वय वर्षं नऊ. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

“आई,” ती म्हणाली. “डबी...”

आणि थांबली.

चारू अशीच बोलायची. तोतरी नव्हती, अडखळत नव्हती. एक शब्द ठेवायची, मग पुढचा आणायला आत कुठंतरी जायची. तिथं तो निवडायची, पाखडायची, बहुतेक पुसूनही घ्यायची, आणि मग घेऊन यायची. तोवर समोरच्याच्या कपातला चहा निवलेला असायचा.

मी टाचण्या तळहातावर काढल्या. “बटणांची डबी हवीय? घे ना. मागच्या खोलीत फळीवर आहे. सांडू नकोस मात्र.”

चारू माझ्याकडे बघत राहिली. मग “हं” म्हणाली आणि गेली.

“बाई, तुम्हाला बरं कळतं हो,” सिंधू मशीन थांबवून म्हणाली. “मला तर माझी पोरगी बोलायला लागली की काय म्हणतीय ते कळेल का नाही, कोण जाणे.”

“आई आहे मी तिची,” मी म्हटलं. “तिच्या तोंडात यायच्या आधी माझ्या तोंडात असतं.”

हे मी चांगलं छाती काढून म्हटलं आणि टाचण्या परत ओठांत धरल्या.

तासगावातली आमची पुढची खोली म्हणजे माझा शिवणक्लास. तेव्हा चार मशिनी होत्या, चारही पायाच्या. एकदम सुरू झाल्या की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. मला शिवण कुणी शिकवलं नाही. लग्नात आलेला एक चांगला ब्लाऊज मी टाका टाका उसवला, त्याचे तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून कापले आणि परत जोडला. जोडलेला ब्लाऊज मला झाला नाही, पण विद्या आली. त्या जोरावर मी बायकांना शिकवत होते आणि बायका मला ‘बाई’ म्हणत होत्या. ज्याला शाळेनं दहावीच्या पुढं जाऊ दिलं नाही, त्याला कुणी ‘बाई’ म्हटलं की केवढं वाटतं, ते सांगून कळायचं नाही.

दुपारच्या क्लासला तिघी असायच्या. इंदूताई वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, जिभेनं तर फारच. नसीम, अजून लग्न व्हायची होती, ती रुखवतात मांडायला उशांचे अभ्रे शिवत होती. आणि सिंधू. बावीस वर्षांची, अकरा महिन्यांच्या पोरीची आई. ती पोरगी बरोबरच घेऊन यायची. बाळाचं नाव ऋतुजा होतं, पण सगळ्या बाळच म्हणायच्या. दिवाळी होऊन गेली होती. पुढच्या महिन्यात बाळाचा पहिला वाढदिवस होता, म्हणून सिंधू तिच्यासाठी पिवळा फ्रॉक शिवत होती. माझ्या डबीतली पिवळी बटणं तिनं आधीच निवडून वर ठेवली होती.

क्लास चालू असताना बाळ मागच्या खोलीत, गोधडीवर. चारूची शाळा सकाळची, म्हणून दुपारी बाळाजवळ चारू.

चारूला मी नियम घालून दिले होते. बाळाला उचलायचं नाही, तुला पेलणार नाही, पाडशील. बाळाच्या हातातलं काही ओढून घ्यायचं नाही, रडायला लागतं. काही झालं तर मला येऊन सांगायचं. “एवढंच तुझं काम,” मी म्हटलं होतं. “तू स्वतः काही करायला जाऊ नकोस. तुला नाही जमायचं ते.” हे मी ओरडून म्हटलं नव्हतं. तिच्या केसांतून हात फिरवत म्हटलं होतं. तिला मी कधी ओरडायचेच नाही. तिचे वडील मला चेष्टेनं ‘वकीलसाहेब’ म्हणायचे, कारण पाहुण्यांनी चारूला काहीही विचारलं तरी उत्तर मीच द्यायचे. कितवीत आहेस? चौथीत आहे. काय आवडतं? चित्रं काढायला आवडतात. चारू बाजूला उभी राहून माझं ऐकायची, जणू तिच्याबद्दलची माहिती तिलाही नवीनच आहे.

आणि क्लासमध्ये एक खेळ होता. कुणी सुरू केला आठवत नाही, इंदूताईंनीच असावा. चारू दारात येऊन एक शब्द बोलून थांबली की बाकीचं वाक्य ओळखायचं. त्याला ‘चारूचं कोडं’ म्हणायचे. “आई, मांजर...” “दूध प्यालं!” “पिल्लं घातली!” “शिवण शिकायला आली!” कुणाचं बरोबर आलं की चारू “हं” म्हणायची, मग टाळ्या. हरलेलीनं सगळ्यांचा चहा करायचा. चारूही हसायची. मला वाटायचं, किती लाड होतायत पोरीचे. चार बायका हातातलं काम टाकून तिच्याकडे बघतात, असं कुणाच्या वाट्याला येतं?

तर त्या दुपारी इंदूताईंचा एक दंड झाला होता, दुसऱ्या दंडाला मी टाचणी लावतच होते, तोच चारू पुन्हा दारात. या वेळी दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत.

“आई, बाळानं...”

चालू असलेल्या दोन्ही मशिनी थांबल्या नाहीत, पण मंद झाल्या.

“आलं, कोडं आलं!” इंदूताई दंड माझ्या हातात तसाच ठेवून म्हणाल्या. “बाळानं दूध ओकलं!”

“बाळाला दात आला!” नसीम म्हणाली.

“बाळानं माझी आठवण काढली!” सिंधू म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, कारण आदल्याच दिवशी बाळ तिच्याकडे जायचं सोडून इंदूताईंच्या मांडीवर बसलं होतं.

“कसली आठवण काढतेय,” मी म्हटलं. “ओलं केलं असेल. हो ना गं?”

चारूनं आमच्याकडे एकेकीकडे बघितलं. मी, इंदूताई, नसीम, सिंधू. तिचं तोंड अर्धं उघडं होतं.

“असू दे, येते मी दोन मिनिटांत,” मी टेप हलवून म्हटलं. “जा, तू बस तिच्यापाशी.”

“हं,” चारू म्हणाली.

मशिनी परत सुरू झाल्या. कॅलेंडर हलायला लागलं. इंदूताईंनी विचारलं, “मग चहा कुणाकडं?” आणि मी म्हटलं, “कोडं मी सोडवलंय, माझ्याकडे नाही.”

दोन मिनिटं झाली का चार, मला सांगता येणार नाही. दंडाची फिटिंग संपली. मी वळले, आणि चारू तिसऱ्यांदा दारात होती. या वेळी तिनं काहीच म्हटलं नाही. तिच्या हातात बाळ होतं. कमरेवर घेतात तसं नाही. दोन्ही हातांवर आडवं, ओलं धुणं आणावं तसं.

माझ्या तोंडून निघालं ते असं: “अगं उचललंस कशाला! पाडशील ना!”

ती चालत आली आणि बाळ तिनं सिंधूच्या मांडीवर ठेवलं. मशिनीवरून मांडीवर लोंबणाऱ्या त्या पिवळ्या फ्रॉकवरच.

बाळाचे ओठ जांभळे होते.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. सिंधूचा आवाज आठवतो. तो ओरडण्याचा नव्हता, पाण्याची घागर उपडी केल्यावर हवा जाते ना, तसा होता. इंदूताईंनी बाळ हिसकावून घेतलं, उताणं केलं, पालथं केलं, पाठीत चापट्या मारल्या. दंडावरची अर्धी टाचलेली बाही लोंबत होती. बाळाच्या घशातून शिट्टीसारखं काहीतरी वाजलं. नसीम अनवाणी धावत गेली, तिच्या भावाची ट्रॅक्स गाडी चौकात उभी असायची. गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर शेट्यांचा दवाखाना होता. त्यांनी बाळाला पायाला धरून उलटं केलं, दोन खांद्यांच्या मध्ये मनगटानं मारलं, पुन्हा मारलं. बाळानं श्वास घेतला. रडलंही, पण ते रडणं दोऱ्याएवढं बारीक होतं.

“खाली सरकलंय,” डॉक्टर म्हणाले. “एका बाजूनं हवा जातीय. थांबू नका, मिरजेला न्या. आत्ता.”

ट्रॅक्समध्ये पुढं नसीमचा भाऊ आणि इंदूताई, मागं सिंधू, बाळ, नसीम आणि मी. कवठेमहांकाळचा फाटा गेला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्या मांडीला चारू चिकटून बसलीय. ती कधी चढली, कुणी चढवली, माहीत नाही. तिची एक मूठ घट्ट आवळलेली होती.

मिरजेच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी भराभरा विचारलं, “काय गिळलंय? कशाचं आहे?”

तासभर आम्ही बाळाला घेऊन पळत होतो आणि त्यानं गिळलं काय, हे कुणाला माहीत नव्हतं. दाणा असेल, मी म्हटलं. टाचणी असेल, असं म्हणायचं धाडस मला झालं नाही, पण त्या वेळी माझ्या डोक्यात ओळीनं टाचण्याच येत होत्या.

चारूनं मूठ उघडली. तिच्या तळहातावर पिवळं बटण होतं. चार भोकांचं, बोटाच्या पेराहून लहान. घामानं ओलं झालेलं.

“असलं?” डॉक्टरांनी विचारलं.

चारूनं मान हलवली.

“शाब्बास. हे एक्स-रेच्या फोटोत दिसलं नसतं बरं का,” ते म्हणाले आणि तिच्यासमोर खाली वाकले. “तू होतीस ना तिथं? कधी गिळलं तिनं? किती वेळ झाला?”

“मी...” चारू म्हणाली.

“आत्ताच, डॉक्टर,” मी म्हटलं. “कळलं तसं लगेच निघालो आम्ही.”

डॉक्टर उठून आत गेले.

बटण दुर्बिणीनं काढलं. बाळ वाचलं, हे आत्ताच सांगून टाकते, कारण ते कळायला आम्हाला संध्याकाळचे सहा वाजले, आणि तेवढा वेळ मी दुसऱ्या कुणाला ताटकळत ठेवणार नाही. आज ती मुलगी पुण्यात नोकरी करते आणि तिला यातलं काहीही आठवत नाही.

पण सहा वाजायच्या आधी सिंधूच्या सासूबाई आल्या. त्यांना सगळे आक्का म्हणायचे. निरोप मिळाल्याबरोबर त्या एसटीनं आल्या होत्या, नेसत्या पातळावर, कपाळाला शेतातली माती तशीच. व्हरांड्यात आम्ही ओळीनं भिंतीला टेकून बसलो होतो. आक्का सिंधूशी बोलल्या नाहीत. थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“बाळापाशी कोन होतं?”

“चारू होती,” मी म्हटलं.

“ही? मग हिनं सांगितलं कसं न्हाई?”

व्हरांड्यात पंखा होता, त्याला आवाज नव्हता. इंदूताईंनी पदर तोंडाशी धरला. नसीम चपला नसलेल्या पायांकडे बघत होती. सिंधूनं डोळे मिटून घेतले. आम्ही चौघीही त्याच खोलीत होतो. चौघींनीही ऐकलं होतं. कोडं चौघींनी मिळून सोडवलं होतं.

“घाबरली हो पोर,” मी म्हटलं. “तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही.”

असं मी म्हटलं. मीच. आणि तेवढ्यावर थांबले नाही. वळून चारूला विचारलं, “हो ना गं? घाबरलीस ना?”

चारूनं वर बघितलं. ती बराच वेळ बघत राहिली, किंवा मला तसं वाटलं.

“हं,” ती म्हणाली.

आपण मारलेलं आपल्यालाच लागावं, तसं ते मला लागलं. कारण तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना रडू. रोज मी वाक्य पुरं केलं की ती जसं “हं” म्हणायची, तसंच ते “हं” होतं. अगदी तसंच. रोजची ही सगळी “हं” मी खरी धरून चालले होते.

बाळ तीन दिवस मिरजेला होतं. मी चारूला घेऊन घरी आले. गल्लीत गोष्ट माझ्या आधी पोचली होती आणि वाटेत तिला पाय फुटले होते. नळावर एक बाई दुसरीला म्हणाली, “मुकी नाय, मंद हाय ती. डोळ्यांदेखत पोर काळं-निळं पडलं तरी बसून बघत होती.” मला बघून दोघी गप्प झाल्या. मी हंडा भरला आणि आले.

क्लास तीन दिवस बंद ठेवला. चौथ्या दिवशी इंदूताई आणि नसीम आल्या. आम्ही तिघींनी मशिनींत तेल घातलं, बॉबिनी भरल्या, फक्त कपड्यांबद्दल बोललो. कुणी मोठ्यानं हसलं नाही. नसीमनं एकदा सुरुवात केली, “शालनताई, त्या दिवशी चारू...” आणि इंदूताईंनी मशिनीचं चाक जोरात फिरवलं. नसीमचं पुढचं वाक्य त्यात गेलं. तिनं ते परत काढलं नाही. मीही विचारलं नाही.

आणि चारू बोलायची थांबली. रुसली नव्हती. वाढलं की जेवायची, शाळेत जायची, पाणी हवं असलं की पेल्याकडे बोट दाखवायची. पहिला शब्दसुद्धा ठेवायची नाही. तिचे वडील म्हणाले, “धक्का बसलाय, होईल हळूहळू.” मी म्हटलं, “हो.” चौथ्या दिवशी दुपारी तिच्या दप्तराचा बंद शिवताना मला आत एक वहीचं पान सापडलं. बाईंनी शाळेत ‘माझी चूक’ यावर पाच ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. चारूनं सुबक अक्षरात लिहिलं होतं: मी बाळापाशी होते. मी घाबरले. मी सांगितले नाही. खाली दोन ओळींची जागा रिकामी होती.

मी ते पान घडी घालून परत ठेवलं.

माझी मुलगी तिथं होती, तिनं सगळं बघितलं होतं, आणि आता तिच्याच हातानं, तिच्याच अक्षरात, माझं खोटं लिहिलेलं होतं.

रविवारी सिंधूकडून बोलावणं आलं. आक्कांनी बाळाची दृष्ट काढली होती, आणि जीव वाचवायला धावलेल्या बायकांना शिरा खायला बोलावलं होतं. “पोरीलाबी आना,” असा खास निरोप होता. मी चारूला पिवळा सोडून दुसरा फ्रॉक घातला.

त्यांच्या सोप्यात आम्ही भिंतीशी बसलो. भर दुपार होती, पत्र्यावर ऊन तडतडत होतं. बाळ सतरंजीवर बसून चमच्यानं ताटली बडवत होतं. गळ्यात नवा काळा दोरा. आवाज अजून थोडा बसलेला, बाकी काही झालंच नव्हतं असं. आक्कांनी सगळ्यांना शिरा वाढला, स्वतः खाली बसल्या आणि चारूला म्हणाल्या, “ये गं माझे बाय. इकडं ये.”

चारू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मायेनंच ठेवला.

“माझा राग न्हाई तुझ्यावर. ल्हान हायस. पर एक ध्येनात ठेव. देवानं तोंड दिलंय न्हवं, ते उघडायचं. तू नुसतं येऊन सांगितलं असतंस, तर माझ्या नातीच्या घशात नळ्या घालायची पाळी आली नसती. आं? कळलं का?”

इंदूताई शिऱ्यातले बेदाणे चमच्यानं एका कडेला सारत होत्या. नसीमनं ताटली खाली ठेवली. सिंधू बाळाच्या पाठीकडे बघत होती, आणि तिचा हात तिच्याच तोंडावर होता.

माझं वाक्य तयार होतं. गेले पाच दिवस मी ते इतक्यांदा वापरलं होतं की अंगुस्तानासारखं बोटावर बरोब्बर बसायचं. घाबरली हो पोर.

“मी...” चारू म्हणाली.

पाच दिवसांनी बोललेला तो पहिला शब्द होता. तेवढा बोलून ती थांबली.

“घाबरलीस,” इंदूताई हळूच म्हणाल्या. वाईट हेतूनं नाही. सवयीनं.

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं.

“थांबा,” मी म्हटलं.

“अहो, मी आपलं तिला...”

“इंदूताई, थांबा. तिला आणू दे.”

मग आम्ही थांबलो. बाळानं ताटली बडवली. पत्रा तडतडला. चारूचा चेहरा आत वळल्यासारखा झाला होता, शब्द आणायला जायची तेव्हा व्हायचा तसा. माझ्या जिभेवर तिची सहा-सात वाक्यं येऊन उभी राहिली, सगळी व्यवस्थित, सगळी पुरी. मी ओठ दाबून धरले. टाचण्या असायच्या तिथं. नऊ वर्षांत मी त्या थांबण्याचं पलीकडचं टोक कधी बघितलंच नव्हतं. ते केवढं लांब आहे, मला माहीत नव्हतं. आक्कांनी तिच्या डोक्यावरचा हात काढला नव्हता.

“मी सांगायला आले होते,” चारू म्हणाली. “दोनदा.”

आक्कांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं नाही. तेवढं एक मला जमलं.

“दुसऱ्यांदा आले तेव्हा...” चारू म्हणाली, “सगळ्या हसल्या.”

सिंधूच्या बोटांमागून हुंदका आला. झालं, मला वाटलं. हेच ते. हेच आम्ही चौघी पाच दिवस झाकत होतो. मी म्हणणार होते, हो आक्का, खरं आहे, ती बोलत होती आणि आम्ही कोडी सोडवत होतो. मी तोंड उघडलंही.

पण चारूचं झालं नव्हतं. ती पुन्हा आत गेली होती. मी तोंड मिटलं. दोनदा? कोड्याच्या आधी ती आली होती ती डबी मागायला. डबी घे म्हणून मीच तर...

“पहिल्यांदा आले,” चारू म्हणाली, आणि आता ती आक्कांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, “तेव्हा डबी सांडली होती. बाळानं बटण उचललं होतं. हातात होतं.”

तिनं शेवटचे दोन शब्द आणायला वेळ घेतला. मी तो घेऊ दिला.

“तोंडात नव्हतं.”